पत्रिकेवरचे वळणदार अक्षर

लग्नसराई जवळ आली की आमच्या वस्तीत संध्याकाळी माझ्या घराची कडी वाजू लागते. कोणाच्या हातात पत्रिकेचे प्रूफ असते, कोणाच्या मोबाईलमध्ये. "काका, जरा नजर घाला, उद्या छापायला टाकायची आहे." मी कचेरीतला कारकून; दिवसभर नावे, तारखा आणि रकमा तपासणे हेच माझे काम. शिवाय विहाराच्या कामात असल्यामुळे वस्तीतल्या निम्म्या पत्रिका, शोकसभेची पत्रके आणि जयंतीचे फलक माझ्या डोळ्यांखालून जातात. त्यातून एक विषय मनात घोळत राहिला आहे. विषय तसा छोटा आहे, पण आपल्या घराघरांतला आहे म्हणून लिहितो.

आपल्या अलीकडच्या दहा पत्रिका समोर ठेवा. वर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा, खाली 'मंगल परिणय'. आणि इंग्रजी बाजू असेल तर तिच्यावर वधूवरांची नावे एका ठरावीक अक्षरात: उजवीकडे झुकलेले, एकमेकांचा हात धरून चालल्यासारखे जोडलेले, कुठे केसासारखी बारीक रेघ तर कुठे फुगीर, आणि पहिल्या मोठ्या अक्षराला वेलीसारखा फास. कॉम्प्युटरवाला त्याला 'स्क्रिप्ट फॉन्ट' म्हणतो. असे फॉन्ट पुष्कळ आहेत, पण आमच्या नाक्यावरच्या दुकानात बहुतेक वेळा निवडला जातो तो 'एडवर्डियन स्क्रिप्ट'. तो एड बेंगियाट या अमेरिकन अक्षरकाराने १९९४ साली काढला. हा गृहस्थ तरुणपणी जॅझ संगीतात तालवाद्ये वाजवीत असे आणि पुढे त्याने शेकडो अक्षरवळणे तयार केली. २०२० साली तो वारला. नावातला 'एडवर्डियन' शब्द इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या काळावरून, म्हणजे १९०१ ते १९१० च्या सुमारावरून आला.

राजाचे नाव लागल्यामुळे हे अक्षर मोठ्या घरचे आहे असे वाटते. मुळाशी गेले तर गोष्ट वेगळी निघते. या वळणाचे पूर्वज सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रुळले. त्याला 'राउंडहँड', म्हणजे गोल हात, असे नाव होते. तिथे व्यापार वाढला, पेढ्या वाढल्या, हिशेबाच्या वह्या आणि मालाची पत्रे भराभर तरीही स्वच्छ लिहिणारे लोक लागू लागले. पेन शक्य तितके न उचलता लिहिता यावे म्हणून अक्षरे जोडली गेली. म्हणजे हे अक्षर दरबारात जन्मलेले नाही. ते आमच्यासारख्या कारकुनांच्या बोटांतून वाढलेले आहे! हे वाचले तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

पुढे ते वळण शिकवणारे पंतोजी आपले कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापू लागले. कोरणाऱ्याची सळई लेखणीपेक्षाही बारीक रेघ काढू शके, म्हणून अक्षर अधिकच नाजूक झाले. त्यावरून त्याला 'कॉपरप्लेट' म्हणू लागले. जॉर्ज बिकहॅम नावाच्या कोरकाने १७३३ पासून सुमारे आठ वर्षे लंडनमध्ये असे कित्ते काढून त्यांचा मोठा ग्रंथ केला. तो आजही अक्षर शिकणारे लोक समोर ठेवतात. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी शाळेत जो टाक वापरला त्याच जातीच्या टोकदार निबाचे हे काम. खाली येताना दाब दिला की निबाची दोन टोके फाकतात आणि रेघ जाड होते. वर जाताना हात हलका केला की रेघ बारीक. सगळे सौंदर्य त्या दाबात आहे.

छापखान्याला मात्र या अक्षराने बराच काळ दाद दिली नाही. शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळात प्रत्येक अक्षराला आपापला चौकोनी ठोकळा असे. जुळाऱ्याने ते एकाशेजारी एक लावायचे. आता तिरके अक्षर सरळ ठोकळ्यात कसे बसणार? त्याचे टोक ठोकळ्याबाहेर लोंबायचे आणि दाबाखाली मोडायचे. दोन अक्षरांचा सांधा जुळला नाही तर मध्ये फट दिसायची. फोटोच्या तंत्राने मजकूर जुळवणे सुरू झाले तेव्हा ही अडचण सुटली. १९६० च्या दशकात मॅथ्यू कार्टर या अक्षरकाराने चार्ल्स स्नेल या जुन्या लंडनवासी पंतोजीच्या वळणावरून 'स्नेल राउंडहँड' हा फॉन्ट केला, तो या नव्या तंत्रासाठीच. नंतर कॉम्प्युटर आला आणि जे अक्षर पूर्वी पैसेवाल्यांना कोरून घ्यावे लागे ते नाक्यावरच्या डीटीपीच्या दुकानात सर्वांना मिळू लागले.

आता आमच्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, "ही नक्षी कशाला? आमची लग्ने पोस्टकार्डावर झाली. तेवढे पैसे विहाराला द्या." त्यांच्याबद्दल मला आदर आहे, खर्चाबद्दल त्यांचे म्हणणेही खरे आहे. पण नक्षीबद्दल मी त्यांच्याशी सहमत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माताभगिनींना काय सांगितले ते आठवावे. लुगडे नीट, पांढरपेशा स्त्रियांसारखे नेसा, अंगावरचे ते जड गाठले-पाटल्या टाका, स्वच्छ राहा. लुगडे गुडघ्यावर नेसायचे की घोट्यापर्यंत, हा तेव्हा नुसता कपड्याचा प्रश्न नव्हता. तुम्ही कोण आहात हे लांबून ओळखू यावे म्हणून लादलेली ती खूण होती. मग ज्यांच्या आज्याला अक्षर शिवू दिले नाही, त्यांच्या नातीने आपले नाव जगातल्या देखण्यातल्या देखण्या अक्षरात छापून घ्यावे, यात कोणाला काय खटकावे? आमच्या पिढीला पालिकेच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून. तेही सुटे सुटे अक्षर. जोडून, झुकवून लिहिणे म्हणजे 'कॉन्व्हेंटचे अक्षर'. ते पाहून आपल्याला आपली पायरी कळायची. त्या अक्षराची ओढ आमच्या लोकांना का आहे ते मला ठाऊक आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. पत्रिका वाचता आली पाहिजे.

या वळणातली इंग्रजी मोठी अक्षरे पाहा. एल आणि एस यांना वरून सारखाच फास पडतो. टी आणि एफ यांच्यात फक्त मधल्या एका आडव्या रेघेचा फरक, आय आणि जे यांच्यात शेपटीचा. नाव ओळखीचे असेल तर आपण अंदाजाने वाचतो. अनोळखी माणूस अडखळतो. आमच्या ओळखीत एक लग्न झाले. वरपक्षाच्या हौसेने पत्रिका अख्खी इंग्रजीत, आणि अख्खी याच अक्षरात. पुढे विवाहनोंदणीला कागद दिले. आपल्याकडे नोंदणीच्या अर्जाला बहुधा लग्नपत्रिका जोडावी लागते. विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांची सही होती, साक्षीदार होते, सगळे होते. मुलीचे माहेरचे आडनाव लोंढे. खिडकीवरच्या माणसाने पत्रिकेवर ते 'सोंढे' असे वाचले आणि आधारकार्डाशी जुळत नाही म्हणून अर्ज परत केला. बाप माथाडी कामगार. त्याने समजावले, हे एल आहे म्हणून. तो माणूस म्हणाला, "मला एस दिसतंय, मी काय करू?" खरे सांगायचे तर मलाही एसच दिसत होता. शेवटी प्रतिज्ञापत्र करून प्रकरण मिटले, पण तोवर त्या बापाचे तीन खाडे झाले. एका फासापायी तीन दिवसांची मजुरी गेली. मुलगी म्हणाली, "काका, लग्नात सगळे म्हणत होते, पत्रिका किती छान!"

आणखीही दुखणी आहेत. या फॉन्टची छोटी अक्षरे फारच छोटी आणि उभ्या दांड्या लांब असतात. चौदा पॉइंटात टाकले तरी दुसऱ्या फॉन्टच्या नऊ पॉइंटाएवढेच दिसते. त्यात बारीक रेघ म्हणजे केस. खडबडीत कागदावर किंवा सोनेरी फॉईलमध्ये ती रेघ तुटते, आणि फासाच्या पोटात शाई भरून ठिपका होतो. आता तर निम्म्या पत्रिका व्हॉट्सॲपवरच जातात. फोटो दाबून-दाबून पुढे पाठवला की चौथ्या माणसापर्यंत फक्त जाड रेघा पोहोचतात, बारीक रेघा वाटेत गळतात. गावाकडच्या आत्याला तारीख वाचता येत नाही. ती विचारायलाही लाजते.

सगळी अक्षरे मोठी टाकण्याचा एक वेगळाच प्रकार आहे. जयंतीच्या एका फलकावर 'जय भीम' हे शब्द या अक्षरात, सगळी मोठी अक्षरे करून छापले होते. प्रत्येक मोठ्या अक्षराला स्वतंत्र वेलबुट्टी. शेजारी-शेजारी आल्यावर त्यांचा असा गुंता झाला की लांबून वाटावे काटेरी कुंपण आहे. या वळणात मोठे अक्षर शब्दाच्या आरंभी एकच यायचे. बाकीची छोटीच.

मराठी बाजूची गंमत निराळी. आपले अक्षर टोकदार निबाचे नाही, ते बोरूचे. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. रेघ जाड की बारीक हे दाबावर ठरत नाही. हात कुठल्या दिशेने फिरला यावर ठरते. म्हणून इंग्रजीची नजाकत मराठीवर चिकटवायला गेले की वेलांट्या शेजारच्या शब्दावर जाऊन पडतात आणि शिरोरेषा हरवते. पण त्याहून मला सलते ते एक जोडाक्षर. 'बुद्ध' लिहिताना द आधी आणि त्याच्या पोटाखाली ध. आपल्या पत्रिकांवर, फलकांवर, कमानींवर सर्रास 'बुध्द' छापलेले असते. म्हणजे ध अर्धा आणि द पूर्ण. तसेच 'बौध्द', 'सिध्दार्थ', 'शुध्दोदन'. साध्या ठळक टाईपात ही चूक तरी दिसते. नक्षीदार टाईपात ती वेलबुट्टीत लपून जाते आणि हजार प्रती वाटल्या जातात. ज्यांना आपण रोज सरण जातो त्यांचेच नाव! डीटीपीवाल्याला सांगितले तर तो म्हणतो, "साहेब, दोन्ही चालतं." नाही चालत. दुसऱ्यांच्या देवांची नावे तुम्ही अशी छापता का, असे मी एकदा विचारले. तेव्हापासून आमच्या नाक्यावर निदान एवढे सुधारले आहे.

वळणदार अक्षराचे दुखणे इंग्रजीपुरते नाही. आपल्या मराठीलाही स्वतःचे पळते अक्षर होते, मोडी. आधी ओळभर रेघ मारायची आणि तिला अक्षरे लटकवत, लेखणी शक्य तितकी न उचलता लिहीत जायचे. शेकडो वर्षे हिशेब, करार, दप्तर मोडीत चालले. विसाव्या शतकात ते मागे पडत पडत शाळा-कचेऱ्यांतून गेले. अच्युत पालवांसारख्या सुलेखनकाराने मोडीचा अभ्यास करून त्यातून नवी वळणे काढली. २०१४ पासून युनिकोडमध्येही मोडीला जागा मिळाली आहे, त्यामुळे तिचेही फॉन्ट आता कॉम्प्युटरवर चालतात. दिसायला लिपी अतिशय डौलदार. पण तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि जलद लिहिलेले पान लिहिणाऱ्यालाच वाचता यावे अशी स्थिती.

त्या पानांत आपण होतो. महार वतनाचे कागद, कोणी किती राबायचे आणि त्याबद्दल काय मिळायचे, हे कुळकर्ण्याच्या दप्तरात या डौलदार अक्षरात लिहिलेले असे. ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ते वाचता येत नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाबद्दल बिल आणले. ती वतने शेवटी गेली १९५८ च्या कायद्याने. कागद मात्र राहिले, आणि आज ते आपल्या मुलांच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहतात. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले नाहीत, मग शाळेचा दाखला नाही. तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढायची, तर ती बऱ्याचदा मोडीत. मग मोडी वाचणारा जाणकार शोधा, त्याच्याकडून लिप्यंतर करून घ्या, त्याची फी द्या. तिकडे प्रवेशाची तारीख जवळ येत असते. पणजोबांचे नाव त्या पानावर असते. आपल्याला नुसते वेटोळे दिसते.

मग देखणे अक्षर आणि वाचता येणारे अक्षर यांचे जमतच नाही का? जमते, आणि त्याचा सर्वांत मोठा नमुना आपल्या अगदी जवळचा आहे. भारताच्या संविधानाची मूळ इंग्रजी प्रत हाताने लिहिलेली आहे. लिहिणारे प्रेमबिहारी नारायण रायजादा. हिंदी प्रत लिहिली वसंत कृष्ण वैद्य यांनी. पाने सजवली नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीच्या सदस्यांनी तिच्यावर सह्या केल्या. त्या प्रतीच्या छापील आवृत्त्या ग्रंथालयात पाहायला मिळतात, एकदा मुलांना घेऊन जरूर पाहा. रायजादांचे अक्षर उजवीकडे झुकलेले आहे, डौल आहे, पण फासांचा सोस नाही. एलचा एस होत नाही. कलमामागून कलम तुम्ही बोट ठेवून वाचू शकता.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही सुंदर प्रत संसदेच्या ग्रंथालयात मानाने ठेवलेली आहे, पण कोर्टात वकील उघडतो ती, पोलीस ठाण्यात आपला कार्यकर्ता दाखवतो ती, आपल्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली असते ती प्रत साध्या, सरळ, उभ्या टाईपात छापलेली असते. देशाने सौंदर्याची प्रत वेगळी ठेवली आणि वापराची वेगळी. बाबासाहेबांनी ज्या मसुद्याच्या एकेका शब्दासाठी प्रकृती पणाला लावली, त्यातला एक शब्द चुकीचा वाचला गेला तर केवढा अनर्थ व्हायचा!

प्रूफ घेऊन येणाऱ्यांना मी आता जे सांगतो ते याच धर्तीवर. वधूवरांची नावे खुशाल त्या नक्षीदार अक्षरात घ्या, पण मोठी घ्या, चोवीस पॉइंटाच्या खाली नको, आणि पहिले अक्षर सोडून बाकी छोटी. तारीख, वेळ, ठिकाण, आईवडिलांची पूर्ण नावे, फोन नंबर हे सगळे सरळ टाईपात. इंग्रजी छापायचे तर छापा, पण मराठी बाजू गाळू नका, कारण नोंदणीत तीच कामाला येते आणि आत्यालाही तीच वाचता येते. आईचे नाव वडिलांच्या नावाएवढेच मोठे. ('सौ.' म्हणून बारीक अक्षरात कोपऱ्यात ढकललेली आई मी परत पाठवतो, हा माझा हट्ट आहे.) फायनल करण्यापूर्वी प्रूफ घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या साक्षर माणसाला वाचायला द्या, आणि मोबाईलवर पाठवायची असेल तर आधी दोन-तीन जणांकडून फिरवून परत मागवून पाहा. शोकसभा आणि पुण्यानुमोदनाच्या पत्रकांना मात्र ही नक्षी लावूच नये असे माझे मत आहे. तिथे लोक घाईत असतात, रात्री-बेरात्री निघायचे असते.

मुले कधी ऐकतात, कधी नाही. एका नवरदेवाने मला सरळ सांगितले, "काका, लग्न माझं आहे." बरोबर आहे. त्याची पत्रिका अख्खी वेलबुट्टीची निघाली, आणि दिसतेही झकास. ठिकाण विचारायला मात्र मलाच चाळीस फोन आले.

या अक्षराला शोभणारी एक जागा आम्हाला अलीकडे सापडली आहे. दहावी-बारावीच्या गुणगौरवाची प्रशस्तिपत्रे पूर्वी आम्ही तयार आणायचो आणि नावाच्या जागी बॉलपेनने गिरवायचो. आता वरचा मथळा एडवर्डियनमध्ये छापतो, मजकूर सरळ मराठीत, आणि मुलांची नावे वस्तीतल्या एक निवृत्त शिक्षिका कापलेल्या बोरूने लिहितात. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री विहारात सतरंजीवर पत्रे पसरून ठेवलेली असतात. काळी शाई घट्ट असते, सुकायला अर्धा तास लागतो, म्हणून पंखा बंद. नावे लिहून होईपर्यंत सगळे घामाघूम. मुले सारखी दारात येऊन डोकावतात आणि बाई न बघताच म्हणतात, "तुझं अजून आलं नाही, ओळीनं चाललंय."